सेहेचाळीस खुणा

जेवणाच्या टेबलावर मी जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे दादाचा डीएसएलआर: अकरा वर्षांचा, जड, उजव्या कडेच्या रबरावर तळहाताच्या घामाने आलेली गुळगुळीत चकाकी. उजवीकडे कार्यालयाने नुकताच दिलेला दणकट छोटा कॅमेरा: नारिंगी, मुठीत मावणारा. पाण्यात बुडवा, दगडावर आपटा, त्याला कशाचंच काही वाटत नाही.

वहिनीने चहाचे कप त्यांच्यापासून लांब ठेवले. "स्थळं बघायला बसल्यासारखी बसली आहेस," ती म्हणाली. "एक वयस्कर पण घरंदाज, दुसरा तरणा आणि निगरगट्ट."

"साहेब म्हणतात, निगरगट्टच न्या."

"साहेबांना काय, त्यांना कुठे आत जायचंय."

मी धरणावर काम करते. धरणाच्या पोटात पाहणीसाठी अरुंद बोगदा ठेवलेला असतो. आमच्या बोगद्याला एक जुनी, आंधळी शाखा आहे. तीनशे पावलांवर ती सरळ भिंतीत संपते. तिथल्या भेगांवर सेहेचाळीस खुणा केलेल्या होत्या. दर तीन महिन्यांनी प्रत्येक खुणेपाशी भेगेवर पोलादी पट्टी धरायची आणि फोटो काढायचा. पट्टी नसेल तर भेगेच्या फोटोला अर्थ नसतो. भेग केसाएवढी की बोटाएवढी हे सांगायला शेजारी काहीतरी खात्रीचं लागतं. म्हणून हे काम दोघांचं. सात वर्षं दादा फोटो काढत होता आणि मी पट्टी धरत होते. घरात माझं नाव मोजपट्टी पडलं ते त्यावरून. भिंतीवरचे आकडे दादाच्या हातचे होते, पिवळ्या तेलखडूने काढलेले. आकडा तो भेगेच्या डावीकडे लिहायचा आणि उजवीकडे वीतभर जागा कोरी सोडायचा. "ही तुझ्या हाताची," म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी माझी दाढ दुखत होती. पट्टी मेणाने चिकटवेन, असं म्हणून दादा एकटा गेला. पहारेकऱ्याच्या वहीत साडेनऊला आत गेल्याची त्याची सही आहे. बाहेर आल्याची नाही. कॅमेरा एकतिसाव्या खुणेखाली सापडला. भिंतीला टेकवून ठेवलेला, भिंगावर झाकण घातलेला. त्यात तीस फोटो होते. शाखेच्या तोंडाशी झिरपा साठवणारा खड्डा आहे, तो दोनदा उपसला. गाळ निघाला, बाकी काही नाही. मग शाखेला कुलूप लागलं ते लागलंच.

आता ती शाखा काँक्रीटने कायमची बुजवायची होती. त्याआधीची ही शेवटची पाहणी. भेगा होत्या तशाच असतील तर पंधरा दिवसांत काम सुरू होणार होतं; फोटोंत काही वेगळं दिसलं तर काम थांबवून आत पुन्हा शोध.

"बुजवल्यावर परत उघडता येतं?" वहिनीने विचारलं. हे तिने आधीही विचारलं होतं.

"नाही."

"मग त्याचाच ने." तिने डीएसएलआरच्या पट्ट्याची घडी सरळ केली. "निदान त्याने ती जागा पाहिलेली आहे. आणि काही दिसलं, अगदी काहीही, तर त्यांना थांबवशील?"

"थांबवेन," मी म्हटलं. ते म्हणताना मी नारिंगी कॅमेऱ्याकडे पाहत होते, हे मला आजही आठवतं.

दुपारी जुना कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याच्या दुकानात भिंतभर उघडे पडलेले कॅमेरे होते, पापण्या गमावलेल्या डोळ्यांसारखे. त्याने आतला आरसा पुसला, बटण दोन-चार वेळा दाबून आवाज ऐकला.

"ताई, म्हातारा ठणठणीत आहे. किती फोटो काढले त्याचा आकडा पोटात जपून ठेवतो. कार्ड बदला, पुसून टाका, आकडा पुढेच जाणार. खोटं बोलत नाही बिचारा."

"आणि हा?" मी नारिंगी पुढे केला.

"हा पडद्यावर दिसतं तेवढंच जाणतो. म्हाताऱ्याचं वेगळं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, आणि तेवढ्यापुरता तुमच्या डोळ्यापुढे अंधार. म्हणजे बघा, जो क्षण फोटोत येतो, नेमका तोच तुम्ही पाहिलेला नसतो." तो हसला. "लग्नाचे फोटो काढताना मला याची फार भीती वाटायची."

नारिंगीच्या भिंगाभोवती दिव्याची कडी होती, त्यामुळे एका माणसात काम भागतं असा साहेबांचा हिशेब होता. पण त्याच्या भिंगात कडेच्या रेषा किंचित वाकतात आणि जुने सगळे फोटो डीएसएलआरचे. मापं जुळवायची तर एकदा दोन्हींनी टिपायला हवं. हे कारण खरं होतं. मी दोन्ही नेले.

सकाळी दहाला पहारेकऱ्याने कुलूप काढलं. "मी इथेच आहे," तो म्हणाला आणि खुर्ची दारापासून आणखी थोडी मागे सरकवून बसला.

आत थंडी होती, पण वारा नव्हता. ओल भिंतींतून येत नव्हती. ती जणू तिथे आधीपासूनच उभी होती आणि मी तिच्यातून चालत होते. हेल्मेटच्या दिव्यात पहिली खूण दिसली. मेणाचा गोळा मळला, पट्टी चिकटवली, आधी नारिंगीने फोटो घेतला, मग जुन्याने. पडद्यावर मी काहीच तपासत नव्हते, कारण काच दर मिनिटाला धुरकट होत होती. नारिंगी टिपताना हूंदेखील करत नाही. जुन्याचा आरसा मात्र दर वेळी खटकन उघडमीट होई आणि बोगदा तो आवाज तीनशे पावलांवरच्या भिंतीपर्यंत नेऊन परत आणी. मी मनातल्या मनात प्रतिध्वनी मोजू लागले. प्रत्येक फोटोला एक.

तिसाव्या खुणेपर्यंत एकच.

एकतिसाव्या खुणेपाशी मी किंचित थांबले. फरशीवर कॅमेरा टेकवल्याचा चौकोनी डाग अजून होता. पट्टी चिकटवली, नारिंगीने टिपलं. जुन्याचं बटण दाबलं. डोळ्यापुढे अंधार आला आणि गेला. प्रतिध्वनी आला नाही.

मग मी पट्टी काढायला हात लावला. मेणात रुतलेली पट्टी ओढावी लागते. सुटताना ती मेणाचा एक चिकट धागा सोबत घेऊन येते. ही तशी आली नाही. पलीकडून कुणी धरून ठेवलेली वस्तू आपण घेताच त्याने बोटं उघडावीत, तशी ती माझ्या हातात आली. मेणाचा गोळा भिंतीवर तसाच होता. त्यावर पट्टीची कड उमटलेलीच नव्हती.

उरलेल्या पंधरा खुणा मी घाईने आटोपल्या. शेवटची सोडली तर दर वेळी पट्टी तशीच आली.

बाहेर ऊन होतं. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि वही पुढे केली. "सही," तो म्हणाला. "बाहेर आल्याची. विसरू नका."

घरी येऊन दोन्ही कार्डं संगणकावर उघडली. नारिंगीचे सेहेचाळीस फोटो स्वच्छ होते: भेग, पट्टी, मेणाचा गोळा, पिवळा आकडा. भेगा तीन वर्षांपूर्वी होत्या तेवढ्याच. जुन्याचेही पहिले तीस तसेच.

एकतिसाव्या फोटोत पट्टी एका हाताने धरलेली होती.

मी खुर्ची पुढे ओढली. मनगटापर्यंतचा हात होता, चौकटीच्या उजव्या कडेतून आत आलेला, नेमका त्या कोऱ्या जागेत. ओला, पांढरट पडलेला, पण स्थिर. पट्टी धरण्याची पद्धत माझी होती: अंगठा खाली, दोन बोटं वर, शून्याची रेघ झाकली जाऊ नये म्हणून करंगळी दुमडलेली. मी माझा हात पाहिला. मग फोटो. फोटोतल्या अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं.

वहिनी केव्हा मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. "दारात चिमटलं होतं," ती म्हणाली. "ते नख. जायच्या आदल्या आठवड्यात. बर्फ लावला होता मी."

बत्तीस. तेहेतीस. हात प्रत्येक फोटोत होता. अर्धवट राहिलेली पाहणी कुणीतरी नेटाने पुरी करत होतं. सेहेचाळिसाव्या फोटोत मात्र पट्टी नुसत्या मेणावर होती आणि हात तिच्या शेजारी, तळवा माझ्याकडे करून उघडलेला. थांब म्हणताना धरतात तसा, की ओढून घे म्हणताना पुढे करतात तसा, हे मला ठरवता आलं नाही.

"उद्या दाखवशील ना?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, दूध आणशील ना असं विचारावं तसा.

साहेबांच्या खोलीत पंखा होता, कागदांवर वजनं होती, खिडकीबाहेर काँक्रीटचे तीन ट्रक आधीच येऊन उभे होते. माझ्या खिशात दोन कार्डं होती.

"झालं सगळं? एकटीने?"

"झालं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? उगाच दोन माणसं अडकवून ठेवायची." त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. "फोटो कोणत्या कॅमेऱ्याचे जोडू? दोन्ही नेले होते म्हणे."

मी बोलायला तोंड उघडलं. ते फोटो पाहून साहेब माझ्याकडे कसे पाहतील ते मला आधीच दिसलं: आधी हसून, मग सावकाश, मग दयेने. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी तसंच पाहिलं होतं. ती नजर मी महत्प्रयासाने पुसली होती. आता कुठे सगळे मला नुसती कार्यालयातली एक कर्मचारी म्हणून ओळखत होते. आणि मी कॅमेऱ्यांपुरताच विचार केला. सेहेचाळीसपैकी सोळा फोटोंत बोटांमुळे भेगेची कड नीट दिसत नव्हती. मापनाच्या दृष्टीने ते सदोष होते.

"नारिंगीचे जोडा," मी म्हटलं. "जुन्याला ओल लागली."

बुजवायला नऊ दिवस लागले. वहिनी एकदाही ओरडली नाही. दहाव्या दिवशी तिने माझ्या पिशवीतून डीएसएलआर काढला, त्याची बॅटरी वेगळी केली आणि तो तिच्या खोलीतल्या कपाटात, दादाच्या शर्टांच्या खाली ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. "एक तरी घरात राहू दे."

तीन महिन्यांनी दुरुस्तीवाल्याचा निरोप आला. त्याच्याकडे जुन्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक होतं, नमुन्यादाखल एक फोटो हवा होता. विकायचा नव्हताच, पण मी कॅमेरा काढला, बॅटरी घातली आणि खिडकीचा फोटो घेतला. धरणातला शेवटचा फोटो ४८१७ क्रमांकाचा होता. खिडकीचा ४८१८ हवा.

तो ४८६४ होता.

धरणातलं कार्ड काढून घेतल्यावर मी कॅमेऱ्यात कोरं कार्ड घातलं होतं; त्यावर दुसरा एकही फोटो नव्हता. मधले सेहेचाळीस कुठेच नव्हते.

मी वहिनीला विचारलं, कपाट उघडलं होतंस का. ती भाजी निवडत होती. "दुपारी कधीतरी आत वाजतं," ती म्हणाली. "आरसा उघडमीट झाल्यासारखं."

"किती वेळा?"

"मी मोजत नाही. मोजायचं काम तुझं."

मी बॅटरी काढून माझ्या कार्यालयाच्या खणात, नारिंगी कॅमेऱ्याशेजारी, कुलुपात ठेवली. कार्यालयात नारिंगी अजून मुकाट्याने काम करतो. त्याचा आकडा कधीच चुकत नाही.

पुढचे तीन महिने काल संपले. काल सकाळी मी बॅटरी घरी आणली. कपाटातून कॅमेरा काढला तेव्हा त्याचं रबर कोमट होतं आणि किंचित ओलं. खिडकीचा फोटो घेतला. डोळ्यापुढे अंधार आला आणि गेला.

४९१२.

मी वजाबाकी केली. पुन्हा केली. या खेपेला मधले सत्तेचाळीस होते.

वहिनी दारात उभी होती. तिने कपाटाकडे पाहिलं.

कपाटाच्या वर, छताच्या कोपऱ्यातून, एक भेग खाली उतरत होती. केसाएवढी. ती कपाटामागे शिरत होती.

मी कपाट पुढे ओढलं.

मागच्या भिंतीवर, माझ्या छातीच्या उंचीला, ४७ लिहिलं होतं. मी बोट फिरवलं. पिवळा तेलखडू बोटाला लागला.

आकडा भेगेच्या डावीकडे होता. उजवीकडे वीतभर जागा कोरी सोडलेली होती.