शिवणारी

त्या दुपारी आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी समोर भाजी निवडत होते. आई इतिहासाची संशोधक. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली माणसं ती शोधत होती. "संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही," असं अभिमानाने सांगणाऱ्या आईला विभागाने दिलेलं नवं साधन मात्र आवडलं होतं. त्यात माणूस किंवा पुस्तक म्हणजे ठिपका, नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेषा. रेषेला हवं ते नाव द्यावं: 'हिने त्याला शिकवलं', 'दोघांचं पटत नसे'.

"तक्त्यात आधी रकाने आखायचे आणि मग त्यांत माणसं कोंबायची," ती म्हणाली. "इथे माणूस आधी. उद्या नवं काही कळलं तर नवी रेषा ओढायची, झालं."

अट एकच, तिनेच घातलेली: आधार लिहिल्याशिवाय रेषा नाही.

पडद्यावर मधोमध एक बिननावाचा ठिपका होता. कित्येक पुस्तकांच्या शिवणीत शेवटची गाठ एकाच उलट्या पद्धतीने मारलेली होती. तेवढ्यावरून आईने एक बाई मानली होती. शिवणारी.

"बाईच कशावरून?"

"पुरुषांची नावं पगारपत्रकात सापडली. ही उरली. जी उरते, ती बाई."

संध्याकाळी ती औषधं आणायला बाहेर पडली आणि दुकानाच्या पायरीवर कोसळली. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या महिन्यात तिच्या विभागातली मैत्रीण घरी आली. लहानपणापासून मी तिला मावशी म्हणते. आईचं काम विभागाच्या संग्रहात जाणार होतं, त्याआधी ते मीच तपासावं असं तिचं म्हणणं.

"तो मधला ठिपका तेवढा काढून टाक बाई. एका माणसाशीही जोडलेला नाही. परीक्षक आपल्याला वेड्यात काढतील."

मी हो म्हटलं. त्या दिवशी हात धजावला नाही.

सकाळी शिवणारीपासून एक रेषा निघालेली दिसली, मुकादमाच्या ठिपक्याकडे. 'ह्याला पाठ करून बसते.' आधार: प्रत्यक्ष पाहिलं.

आईची अर्धवट राहिलेली एखादी नोंद उशिरा चढली असेल, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी आणखी एक आली, एका पुस्तकाकडे जाणारी. 'ह्याचा दोरा दातांनी तोडला.' आधार तोच. दोन्ही नोंदी आईच्या खात्यातून झालेल्या. मी मावशीला फोन केला.

"खातं मीच बंद केलंय गं. आणि तुझ्या आईला इथे असताना पासवर्ड आठवायचा नाही, वर जाऊन कुठला आठवतोय!" ती हसली, मग एकदम थांबली. "तू नीट जेवतेस ना?"

मी ग्रंथालयात गेले. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी ते पुस्तक अलगद उघडलं आणि भिंगाखाली दोऱ्याचं टोक धरलं.

"कात्री नाही लागलेली," त्या म्हणाल्या. "चावलंय कुणीतरी. तुम्हाला कसं कळलं?"



विभागाला काम द्यायचा दिवस आला. बाहेर स्वच्छ ऊन होतं. शेजारी कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मी शिवणारीवर बोट ठेवलं. 'हा ठिपका पुसायचा?' पडद्याने विचारलं.

पुसला की रेषाही जाणार होत्या. आईकडून येणारं जे काही होतं, ते एवढंच होतं.

मी 'नाही' दाबलं.

शिवणारीच्या शेजारी नवा ठिपका उमटला. त्यावर माझं घरातलं नाव होतं. त्या नावाने मला फक्त आई हाक मारायची.

दोन ठिपक्यांमध्ये रेषा आली.

रेषेच्या नावाची जागा कोरी होती.

आधाराची जागा भरलेली होती: प्रत्यक्ष ऐकलं.

मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. आमच्या घरात मनातलं उघड बोलायची पद्धतच नव्हती. आम्ही एकमेकींना जेवलीस का विचारायचो, त्यातच सगळं यायचं.

"आई," मी म्हणाले, "मला तू हवी आहेस."