अफताब इथंच राहील

"जायचं तर त्या पोरीला घेऊन खुशाल जा... पण अफताब इथंच राहील," असं म्हणत लालबीनं दीड वर्षाच्या नातवाला निलोफरच्या कडेवरून ओढून घेतलं.

निलोफरनं नवऱ्याकडं पाहिलं. इम्तियाज मोटार वायंडिंगच्या दुकानात जायला चपला घालत होता; तो घालतच राहिला. त्या क्षणी सासूपेक्षा त्याच्या गप्प बसण्याचाच तिला जास्त संताप आला.

जास्मिन त्याच्या पहिल्या बायकोची मुलगी, आठ वर्षांची. घंटा वाजली की ती कान दाबून किंचाळायची, कुणी हात धरला की कडकडून चावायची. दौंडच्या दोन शाळांनी तिला घरी पाठवलं, तेव्हा इम्तियाजनं पुण्यातली एक निवासी शाळा ठरवली. निलोफर ती पाहून आली होती. भर दुपारी बाहेरून कडी घातलेली खोली आणि आतून कुणी लेकरू बडवत असलेलं दार... उलट इनामगावला, तिच्या माहेरी, वस्तीवरच्या छोट्या शाळेत जास्मिन एक अख्खी सकाळ निवांत बसली होती. तिथले सोपानराव गुरुजी घंटा न वाजवता मुलांना हाक मारून बोलवत. पोरीला घेतो, पण घरचं माणूस रोज वर्गात सोबत हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

लालबीला ते मुळीच पटेना. जास्मिननं एकदा अफताबचा गाल ओरबाडला होता. तेव्हापासून ती पोर पुण्यालाच बरी, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. सून ऐकत नाही असं दिसल्यावर तिनं नेमका वर्मी घाव घातला.

"सावत्र असून किती जीव लावती, असं लोकांनी म्हणावं म्हणून चाललंय हे तुझं."

ज्या हातांवर निलोफरनं या पोरीच्या दातांचे वण वागवले, त्या हातांना हे बक्षीस...!

"कोंडून टाकली असती, तरी तुम्ही सावत्रच म्हणाला असता, अम्मी," एवढंच ती बोलली आणि जास्मिनला घेऊन एसटीत बसली. अफताबचं रडणं पार कोपऱ्यापर्यंत तिच्या मागं येत होतं.

माहेरी वडील मेहमूद तिला काही विचारत नसत. रोज सकाळी ती जास्मिनशेजारी सतरंजीवर बसे. इम्तियाज दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी. मूल आणायची त्याची छाती झाली नव्हती. निलोफरनं त्याला पाणी दिलं, परत येण्याचा शब्द दिला नाही.

महिने उलटले, ज्वारी निसवून कणसं बाहेर पडली तरी सून परतली नाही, तेव्हा लालबी स्वतःच भांडायला निघाली. अफताबला काखेत मारून ती तरातरा शाळेच्या दारात आली आणि तिथंच थबकली.

आत जास्मिन बिथरली होती. पाटी भिरकावून तिनं निलोफरच्या मनगटात दात रोवले होते. लालबीनं घरी अशा वेळी नेहमी हात उगारला होता. निलोफर मात्र डोळ्यांत पाणी येईतो तशीच बसून राहिली. हळूहळू जास्मिनचे दात सुटले. मग ती आपणहून उठली, पाटी उचलून आणली आणि पुन्हा जागेवर येऊन बसली.

शाळेच्या ओट्यावर निलोफर सामोरी आली, तशी भांडायला आलेल्या लालबीनं अफताबला पुढं केलं. पण त्या अजाण लेकरानं आईकडं परक्यासारखं पाहिलं आणि आजीच्या गळ्यात तोंड लपवलं...

निलोफरचे पसरलेले हात तसेच राहिले. इतके महिने कोंडलेला क्रोध उसळून वर आला. "बघा अम्मी... माझ्याच पोटचं पोर मला वळखत न्हाई. हेच पायजे हुतं ना तुम्हाला?"

"न्हाई गं..." लालबी पायरीवर बसली. "तू दोन दिसांत परत येशील, असं वाटलं हुतं मला. माझंच चुकलं."

माफ केलं म्हणावं, असं निलोफरचं मन अजून म्हणत नव्हतं. ती खाली बसली; सासूपासून जरा दूरच. लालबीनं पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं, इम्तियाजनं आता खाणावळीत जेवावं, नाहीतर इथं येऊन राहावं.

"हा येईल तुझ्याकडं," अफताबला दोघींच्या मधे उतरवत ती म्हणाली. "तवर मी हितनं हलत न्हाई."