पितळी कुलूप

ही गोष्ट खरी आहे. क्षितिजा खोटं बोलत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच तिच्यात नाही, असं तिचा नवरा जितेश सांगतो.

आणि हे रात्रीबित्री घडलेलं नाही. नायगावच्या खाडीकाठी, गेल्या मार्चमध्ये, टळटळीत दुपारी घडलं.

जुन्या मिठागरांच्या जागेवर एका परदेशी वीज कंपनीने उपकेंद्र उभारलं होतं. उन्हाची वीज शहरात आणायची, पृथ्वी वाचवायची वगैरे. ती वाचवायला पाहुणे चहाच्या वेळेला येणार होते. मांडव तयार, सामोसे तयार. लाइन सुरू करायची जबाबदारी इंजिनिअर क्षितिजाची.

नियम साधा. टॉवरवर चढणारा प्रत्येक जण खालच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. चावी त्याच्याच खिशात. उतरल्यावर तोच काढतो. एक जरी कुलूप दिसलं, तर वर माणूस आहे. वीज सोडायची नाही.

सगळे उतरले. सगळ्यांनी आपापली लाल कुलपं काढली.

एक उरलं...

पितळी. जुनाट. मिठाने पांढरं पडलेलं.

"कुणाचं रे हे?"

सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले.

"आपली समदी मानसं खाली हायत, मॅडम," फोरमन रामू म्हणाला.

तिने वर पाहिलं. टॉवर रिकामा. हत्यारं वर खेचायची दोरी तेवढी लोंबत होती.

ती... दोनदा हलली.

दोन झटके म्हणजे वरचा माणूस सांगतोय, थांबा.

"खाडीचा वारा आहे गं," प्रकल्पप्रमुख ॲलिस्टर म्हणाला. "काप ते कुलूप. गाड्या फाटकाशी आल्यात."

"सर, नियम आहे."

"नियम माणसांसाठी असतो. वर माणूस दाखव, मी मांडव उतरवतो."

तिला माणूस दाखवता येईना.

कटर आणला. कुलूप फार सहज तुटलं.

तिने वीज सोडली. तारा गुणगुणल्या. टाळ्या झाल्या.

क्षितिजाने मान वळवली. मांडवाची झालर फडफडत होती. वारा होता तसाच होता.

दोरी मात्र...

अगदी स्थिर.

नंतर शोधाशोध झाली. कोणी सापडलं नाही. कोणी नव्हतंच, म्हणून कोणाला काही झालंही नाही, असं कंपनीचं मत पडलं. तर्कात खोट काढता येत नाही.

तेव्हापासून घरात दिवा लावण्याआधी क्षितिजा विचारते, "कोणी आहे का?"

जितेश हसायचा. "पंखा आहे. त्यालाही विचार."

मग एका संध्याकाळी तो गॅलरीतला दिवा लावायला गेला. खिडक्या बंद होत्या. कपडे वाळत घालायची दोरी रिकामी होती.

बटणाजवळ हात नेला...

दोरी दोनदा हलली.

त्यांच्या गॅलरीत आजही अंधार असतो. पाहुण्यांपैकी कोणी बटणाकडे वळलं, तर क्षितिजा काही बोलत नाही.

जितेशच उठून त्याचा हात धरतो.