नवी कोरी मोटर

खोटं बोलत असेन तर माझी जीभ इथल्या इथे झडून पडो! अक्षर न् अक्षर खरं आहे. आणि घडलंय दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, तेव्हा अंधारात भास झाला असेल बिसेल, असलं मला सांगू नका.

दोघे भाऊ सुतार. कारखाना एक, बाकं दोन: खिडकीशी दादाचं, दाराशी धाकट्याचं. धाकट्याला रंधा धरायला शिकवला तो दादानेच, त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून. त्यामुळे दादाने पुठ्ठ्याला लाकूड म्हटलं असतं, तरी धाकटा त्याला रंधा मारायला बसला असता.

कपाटांच्या चाळीस दारांचं काम आलं, म्हणून धाकट्याने लाकडाच्या कडा कोरायच्या राउटरच्या टेबलाला लिफ्ट घेतली. म्हणजे टेबलाच्या पोटात मोटर उलटी टांगायची, तिचं पातं भोकातून वर डोकावतं, लाकूड त्यावरून सरकवलं की कडेला नक्षी निघते. पातं किती वर हवं, ते वरून हँडल फिरवून ठरवायचं. एक फेरा, दीड मिलिमीटर. लिफ्ट झाली, आता राहिली मोटर.

दुकानदाराने दोन काढून ठेवल्या. पहिलीचा वेग एकच, कमी होत नव्हता. मोठं पातं त्या वेगाने फिरवलं की लाकूड काळं पडतं. दुसरीचा वेग कमीजास्त व्हायचा, ताकदही दांडगी, पण अंग बारीक. लिफ्टच्या पकडीत खुळखुळली असती.

"मधे एक कडं घाल की," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे ढिल्या चपलेत कापूस घालून पळू म्हणता?"

दादा मागे उभा होता. "थांब रे. माझ्या ओळखीत एक आहे. तुझ्या पकडीत चपखल बसेल."

दुसऱ्या दिवशी दादा जुन्या टॉवेलात गुंडाळून मोटर घेऊन आला.

"पेटी कुठाय?"

"पेटीने लाकूड कापणारेस? नवी कोरी आहे. तुझ्या वहिनीची शपथ."

वहिनी जेवणाचा डबा ठेवायला आली होती. "माझी कशाला? स्वतःची घ्या!" ती ओरडली, आणि सगळे हसले.

धाकट्याने व्हर्नियर लावून मोटरीची जाडी मोजली. केसाचाही फरक नाही. साधी फळी घ्यायची तर हा माणूस ती ठोकणार, हुंगणार, उलटीपालटी करून तीनदा परत पाठवणार. मोटर मात्र त्याने फक्त बाहेरून मोजली. भावाने दिलेली वस्तू कोण उघडून बघतं?

पहिला आठवडा लोण्यासारखा गेला. मग एका सकाळी त्याने पातं सहा मिलिमीटरवर ठेवलं, खीळ आवळली आणि चहा प्यायला गेला. परत येऊन बघतो तर साडेसात. बरोबर एक फेरा. आपलंच चुकलं असेल, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ.

"दादा, हँडलला हात लावलास का?"

"मी कशाला लावू?"

एरवी एका प्रश्नाला चार टोमणे मारणारा दादा, मान वर न करता एवढंच बोलला. तेव्हा धाकट्याच्या लक्षात आलं, मोटर आल्यापासून दादा त्याच्या बाजूला फिरकलाच नव्हता. बाहेर जायचं तर वळसा घालून मागच्या दाराने जायचा.

तिसऱ्या दिवशी साडेदहा. धाकट्याने प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला. पात्याभोवती भुसा साठला होता. तो झटकायला त्याने हात भोकावर नेला.

हँडल फिरलं.

सावकाश. कुरकुर नाही, घरघर नाही. कुरवाळायला हात नेला की मांजर कशी पाठ उचलते, तसं पातं वर आलं.

त्याने हात काढला. हँडल थांबलं.

पुन्हा नेला.

पातं तळव्याला टेकलं. लोखंड गार असतं ना?

ते कोमट होतं.

सुताराची बोटं गेली तर मागे काय राहतं? त्याने दुरूनच पकड सैल केली, मोटर फडक्यात धरून बाहेर काढली आणि बगलेतलं झाकण उघडलं. आतले कार्बन, म्हणजे मोटरीला वीज पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे, नव्या मोटरीत पेराएवढे लांब असतात. हे नखाएवढे झिजलेले. वर्षभर कुणीतरी ती राबवल्याशिवाय असं होत नाही.

झिजलेला कार्बन त्याने दादाच्या बाकावर ठेवला.

"नवी कोरी ना?"

"तुझ्या वहिनीची…"

"वहिनीला राहू दे. कुणाची आहे?"

दादाने कार्बनकडे बघितलं. "माझीच. घरी वापरत होतो. मग ती वर यायला लागली. पंधराला पोचली की प्लग नसतानाही फिरायची. तीन जणांना देऊन टाकली. तिन्ही वेळा सकाळी उठलो, तर घरी माझ्याच बाकावर. तुला दिली तेव्हापासून नाही आली."

"मला? माझ्या हाताखाली?"

"परक्याकडे राहत नाही रे ती."

दादाचे डोळे भरून आले. "माफ कर," तो म्हणाला.

धाकट्याने मोटर आणून दादाच्या बाकावर आदळली आणि हात धुवायला नळावर गेला. ज्या बोटांवर बोटं ठेवून शिकवलं, तीच बोटं या माणसाने पुढे केली होती. साबण तीनदा लावला, तरी तळव्याचा तो कोमटपणा जाईना.

परत आला तर दादा होता तिथेच उभा. त्याचं बाक रिकामं होतं.

मोटर लिफ्टमध्ये होती. पकड आवळलेली.

आता एवढ्यात एक गोष्ट मी पदरची घातली, कबूल करते. दादाचे डोळे भरून आले नाहीत, माफीबिफीही मागितली नाही. तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून म्हणाले मी. त्याने नुसतं विचारलं, "किती आलीय वर?"

"बारा."

"मग पंधराला अजून दोन दिवस आहेत," दादा म्हणाला, आणि दाराला पॉलिशपेपर मारायला लागला.