उन्हातले वायपर

पलूसच्या अलीकडच्या रेल्वे फाटकापाशी भार्गवीच्या गाडीत एक म्हातारी बोलायला लागली, तेव्हा गाडीत भार्गवीशिवाय कुणीसुद्धा नव्हतं.

"आरं धैर्या, येताना खोबरं आन. वाळकं बघून आन. मागल्या खेपेला वलं आनलंस."

भार्गवीनं आधी मागची सीट बघितली. मग सीटखाली बघितलं. हिवाळ्याची सकाळ होती, ऊसतोडीचा हंगाम. फाटक पडलेलं, पुढं उसानं लादलेला ट्रॅक्टर, हवेत पाचटाचा भुगा उडत होता. काच वर घ्यावी म्हणून तिनं नुसती चावी फिरवली, तर लख्ख उन्हात वायपर खर्र खर्र सुरू झाले आणि पाठोपाठ ही म्हातारी.

शेजारी मोटरसायकलवर एक उंच, रापलेला माणूस कानाला फोन लावून थांबला होता. "हॅलो... आई? हॅलो..." त्यानं फोन झटकला, पुन्हा कानाला लावला.

"बोल की रं, दातखीळ बसली व्हय?" गाडी म्हणाली.

त्याची मान हळूहळू वळली. खिडकीशी वाकून तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम... माझी आई तुमच्या गाडीत काय करतीय?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते. मी काही बसवलं नाही त्यांना."

त्यानं नंबरप्लेट बघितली, दारावरचा जुना ओरखडा बघितला, त्यावरून बोट फिरवलं. "ही माझी गाडी हाय," तो म्हणाला.

"होती," भार्गवी म्हणाली.

आता हे प्रकरण काय ते आधी सांगायला हवं. भार्गवी सांगलीची. फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याची ऑपरेशनं झालेल्या आज्यांना चालायला लावणं हे तिचं काम, आणि त्यासाठी आठवड्यातून काही दिवस तिला पलूसच्या दवाखान्यात जावं लागायचं. म्हणून तिनं सांगलीतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातनं ही गाडी घेतली. गाडीचं माहितीचं पुस्तक मागितलं, तर विकणारा म्हणाला, "जुन्या गाडीला कसलं पुस्तक, मॅडम? चालवत ऱ्हावा, कळत जातं." काही कळत गेलं नाही. ती शिकली त्या गाडीत उजवीकडच्या दांडीनं वळायचा दिवा लागायचा. हिच्यात उजवीकडं वायपर. त्यामुळं बाई वळल्या की वायपर, थांबल्या की वायपर. मोबाइलवर व्हिडिओ शोधला, तर त्यातली गाडी नव्या मॉडेलची निघाली. बटणांवरची चित्रं पुसून गेलेली. आणि सगळ्यांत मोठी पंचाईत म्हणजे गाडी मागं जातच नव्हती. रिव्हर्स गिअर पडायचाच नाही. भार्गवी बिचारी जिथनं सरळ पुढं निघता येईल तिथंच गाडी लावायची आणि घरी सांगायची, मला चालायला आवडतं.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. चढ होता, ट्रॉली मागं घसरली तर नको, थोडं मागं घ्या.

"जात नाही मागं," भार्गवी रडवेली होऊन म्हणाली.

"गिअरच्या मुठीखाली कडं आहे बघा. दोन बोटांनी ते वर उचला... हां. आता टाका," मोटरसायकलवाला खिडकीतनं म्हणाला.

गाडी शहाण्यासारखी मागं गेली. इतक्या दिवसांची अडलेली गोष्ट दोन बोटांत सुटली म्हटल्यावर भार्गवीला हसूच फुटलं. तोही हसला. त्याचा एक दात जरा पुढं होता आणि हसताना तो लपवायला तो खाली बघायचा. आजही ते फाटक आठवलं की तिला आधी तो दात आठवतो.

त्याचं नाव धैर्यशील. पलूसजवळच्याच गावचा, सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या तुकडीत. तो तिकडं बर्फात असताना इकडं चुलते लालासाहेब यांनी, उंदरं घरं करायला लागली म्हणून गाडी परस्पर विकून टाकली होती. सुट्टीवर आला तर गोठ्याशेजारची जागा मोकळी.

"पुस्तक तरी द्या मला तिचं," भार्गवी म्हणाली.

"ते देवघरात आहे."

"देवघरात?"

"गाडी गेली, पण आईनं पुस्तक सोडलं न्हाई. दसऱ्याला सगळे गाड्या पुजतात, आई पुस्तक पुजते. वर गाडीचा फोटो आहे ना, त्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल. आता ते देवाशेजारनं कसं उठवायचं?" तो थांबला. "पण पुस्तकातलं सगळं मला पाठ आहे. सुट्टी संपायला वेळ आहे अजून..."

फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न लावला. "परवा याच वेळेला येते मी," असं आपण का म्हणालो, हे भार्गवीला पलूस येईपर्यंत कळलं नाही.

मग शिकवणी सुरू झाली. दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली चहा, आणि चहाबरोबर एक बटण. पेट्रोलच्या झाकणाला दांडीच नाही, नुसतं हळूच दाबायचं. धुक्याचे दिवे असे. डिकी अशी. एक दाखवून झालं की धैर्यशील कप ठेवायचा. "बाकीचं पुढल्या वेळी."

"एका दिवशी एकच?" ती म्हणायची.

"घाईनं शिकलेलं टिकत न्हाई."

"आणि सावकाश शिकवलं की?"

"सुट्टी टिकते," तो खाली बघत म्हणायचा.

तिचा फोन गाडीला जोडायचं मात्र त्यानं कधी शिकवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. ब्लूटूथवर गाडी अजून त्याच्याच फोनला ओळखत होती. तो जवळपास असला की गाडीतल्या छोट्या पडद्यावर नाव उमटायचं, 'धैर्या'. बाजारात, बँकेपुढं, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी नाव उमटलं की भार्गवी केस सारखे करायची आणि मग आरशातनं शोधायची, कुठंय.

"तुमी जवळनं गेलात की माझा फोन मुका होतो," तो एकदा म्हणाला. "आवाज सगळा तुमच्याकडं. सिग्नलमधला माणूस मी. तुकडीतल्या पोरांना सांगितलं तर हसतील."

"मग जवळनं जात जाऊ नको?"

त्यानं चहा संपलेला कप पुन्हा तोंडाला लावला. "जात जावा की... मी कुठं तक्रार केली?"

एकमेकांचे नंबर त्यांनी घेतले नव्हते. गरजच पडली नव्हती, गाडीच जोडून द्यायची.

सुट्टी संपली. साताऱ्याला सोडते, माझं तिकडं काम आहे, असं भार्गवी म्हणाली. कसलं काम नि कसलं काय. आणि किर्लोस्करवाडी स्टेशन घराशेजारी असताना हा साताऱ्याहून बसनं पुण्याला जायला तयार झाला. दोघांनीही एकमेकांची उलटतपासणी केली नाही. विट्यावरनं औंधाला आले. यमाईचा डोंगर उन्हात निवांत बसलेला. गाडी नवी घेतली तेव्हा आईनं पहिली पूजा इथं केली होती, असं तो म्हणाला. डोंगर मागं पडल्यावर त्यानंच विषय काढला.

"घरी स्थळं बघत असतील तुमच्या."

"बघतात."

"मग..."

"मग काय?"

"काही न्हाई. उतार आहे, दुसरा गिअर टाका."

साताऱ्याच्या स्टँडबाहेर तिनं गाडी कडेला घेतली. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "हे शेवटचं राहिलंय. इथं फोनची नावं येतात. इथं दाबलं की माझं नाव जाईल, मग तुमचा फोन जोडता येईल."

"तुम्हीच दाबा."

त्याचं बोट तिथंच थांबलं. मग त्यानं हात मागं घेतला. "वडील पण सैन्यात होते. त्यांची वाट बघण्यात आईचं अर्धं आयुष्य गेलं. मला कुणाला तसं बसवायचं न्हाई, भार्गवी." पहिल्यांदाच त्यानं तिचं नुसतं नाव घेतलं होतं. "घरी जाऊन काढा तेवढं. दसऱ्याला सुट्टी मिळाली तर येईन, पण ते काय धरून चालू नका."

तो उतरला. पाठीवर बॅग, चालणं ताठ. मागं वळून बघितलं नाही. तो स्टँडच्या कमानीत शिरला आणि पडद्यावरचं नाव विझलं. आपण रडलो नाही, असं भार्गवी आजही सांगते. वायपर मात्र पार रहिमतपूरपर्यंत चालू होते आणि पावसाचा पत्ता नव्हता.

नाव तिनं काढलं नाही. एक बोट लावायची खोटी, पण लावलं नाही. त्या नावाखाली नंबर होता, तोही तिनं कधी फिरवला नाही. वाट बघू नका म्हणणाऱ्याला फोन करून काय सांगायचं? "अगं, फोन जोडून घे गाडीला, सगळ्या जगाच्या गाडीत असतो," असं तिची आई उमाताई म्हणायच्या. भार्गवी म्हणायची, पुस्तक नाही ना माझ्याकडं.

गणपतीनंतर पुण्याचा मुलगा बघायला आला. चांगला होता, उगाच नावं ठेवायला नकोत. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून दोघं गाडीतनं चक्कर मारायला निघाले. गाणी लावावीत म्हणून त्यानं स्वतःचा फोन जोडायला घेतला. "हे धैर्या कोण? जुनं दिसतंय. काढून टाकतो..."

भार्गवीनं त्याचा हात धरून बाजूला केला. चांगला जोरात. "त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

त्या मुलाला जे कळायचं ते कळलं, आणि खरं सांगायचं तर भार्गवीलाही तेव्हाच धडपणे कळलं. घरी येऊन तिनं वडिलांना, विष्णुपंतांना, सगळं सांगितलं. ते गणिताचे मास्तर. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "त्यानं नाही म्हटलंय का तुला?"

"वाट बघू नको म्हणालाय."

"ते निराळं," विष्णुपंत म्हणाले.

दसऱ्याला भार्गवीनं गाडी धुतली, झेंडूची माळ घातली आणि तडक पलूसचा रस्ता धरला. विचारत विचारत धैर्यशीलचं घर गाठलं, तर पायरीवर एक ठेंगणी म्हातारी आपट्याची पानं निवडत बसली होती. "कोन पायजे?" हा आवाज ऐकताच भार्गवीनं धैर्यशीलच्या आईला, शालूबाईंना, ओळखलं.

"मी... पुस्तक मागायला आले होते. गाडीचं."

शालूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तूच व्हय ती, उन्हात वायपर चालवती ती? ये. बस." देवघरात नेऊन त्यांनी दाखवलं. पुस्तकावर हळदीचा थर, ताजं फूल. "गाडीत कोन बसतंय म्हाईत नव्हतं मला. पर जे कोन असंल ते नीट ऱ्हावं म्हनून ही हळद. पुस्तक मातुर मिळायचं न्हाई."

"का?"

"धैर्या सांगून गेलाय, द्यायचं न्हाई. दिलं की पोरीला सगळं कळंल, मग तिला आपल्या दाराचं काय काम, म्हनला."

भार्गवीला हसावं की चिडावं कळेना. "मग मला वाट बघू नको असं कशाला सांगितलं त्यांनी? म्हणे तुमचं अर्धं आयुष्य वाट बघण्यात गेलं."

"त्योच म्हनतो. मला कुनी इचारलंय?" शालूबाईंनी पदर सारखा केला. "बघितली की वाट. पेन्शनीवर आलं तवा त्या पायरीवर बसून मरंस्तवर माझ्या हातचा चा प्यालं मानूस. ज्याची बघितली त्यो आला. आनि काय पायजे? आता घटकाभर बस, जाऊ नगंस." बोलताना त्यांचं सगळं लक्ष रस्त्याकडं होतं.

पण भार्गवीला कुणासमोर रडायचं नव्हतं. "येते हं," म्हणून ती गाडीत जाऊन बसली. चावी फिरवली.

पडद्यावर नाव उमटलं. 'धैर्या'.

आणि गाडीत रिंग वाजायला लागली. पायरीवर शालूबाईंनी कनवटीचा फोन काढून कानाला लावला. "बोल. कुठं हायस? खोबरं आनलंस का?" त्यांचा आवाज पायरीवरनंही आला आणि गाडीतनंही.

भार्गवीनं आरशात बघितलं. गल्लीच्या तोंडाशी, बॅग पाठीवर, एक उंच माणूस मुका फोन कानाला लावून उभा होता. त्यानं फोन झटकला. मग तो एकदम थांबला आणि त्याची मान हळूहळू गाडीकडं वळली.

"आई," भार्गवी गाडीतनंच बोलली, "ते आलेत. हातात पिशवी आहे. खोबरं वाळकंच दिसतंय."

शालूबाईंनी फोन कानापासून लांब धरून बघितला, मग पुन्हा लावला. "आई म्हनलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता उतरू नगंस. ववाळायचं ताट आनते."

धैर्यशील खिडकीशी येऊन वाकला. "नाव काढलं न्हाई तुमी."

"पुस्तक नव्हतं."

"मी दाखवलं हुतं."

"विसरले. आणि परत शिकायचं नाही मला." मग तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "मी वाट बघितली. तुम्ही बसवलं नव्हतं, मला बघायची होती. पुढंही बघेन. तुम्ही फक्त येत जा."

त्यानं खाली बघितलं नाही. पुढचा दात दिसू दिला. "येत जाईन," तो म्हणाला. "मला पण लय जड गेलं, भार्गवी... तुमी जवळ नसताना तिकडं फोनला आवाज असून करायचं काय?"

मागनं शालूबाई ओरडल्या, गाडी सावलीत घ्या, निरांजन विझतंय. भार्गवीनं दोन बोटांनी कडं उचललं आणि गाडी मागं घेतली. वळायचा दिवा द्यायला गेली, तर वायपर सुरू झाले. धैर्यशीलनं ते बंद करायला हात पुढं केला आणि तसाच तिच्या हातावर राहू दिला.

आता ती गाडी बरीच जुनी झालीय. पुस्तक दसऱ्याच्या दसऱ्याला हळद खातंय. भार्गवीचा फोन तिला अजून जोडलेला नाही, आणि नवरा सुट्टीवर यायचा असला की ती स्टेशनबाहेर चावी फिरवून पडद्याकडं बघत बसते.