सोनं घासायचा दात

हे ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

मागचा फेब्रुवारी. आमचं रशियातलं पालेख गाव, ग्लाफिरामावशीचं घर. भरदुपार होती, बाहेर गुडघाभर बर्फ.

मावशी लाखेच्या जुन्या डब्या दुरुस्त करते. मी तिच्या हाताखाली. त्या दिवशी तिच्यापुढे एक काळी डबी होती. झाकणावर रंगवलेली कुलिकोवोची लढाई, राजेरजवाड्यांच्या काळातली... घोडे, भाले, टापांखाली पडलेली माणसं. चिलखतांवरचं सोनं उडालं होतं. मावशीनं नवं लावलं. आता ते घासून चमकवायचं होतं.

ते लांडग्याच्या दातानंच घासायचं असतं. तिचा नेहमीचा दात तुटला होता, म्हणून शेजारच्या आर्सेनीकाकांनी नवा आणून लाकडी मुठीत बसवून दिला. काका सुट्टीत महायुद्धाच्या जुन्या रणांगणांवर उकरत हिंडतात. गोळ्या, बक्कलं, हेल्मेटं घेऊन येतात.

"केवढासा आहे रे हा," मावशी म्हणाली.

"पिल्लाचा असेल. तुला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?"

मावशी हसली आणि घासायला बसली. कडेचं एक चिलखत तिनं मलाही घासू दिलं. सोनं झळाळलं.

मग वास आला...

तोंडाचा वास. महिनोन्महिने न धुतलेल्या, आजारी तोंडाचा. मला वाटलं, रंगात कालवलेला अंड्याचा बलक नासलाय. हुंगून पाहिला. ताजा होता.

वास डबीतून येत होता.

मी झाकण उघडलं. आतली लाल लाख ओली दिसली. बोट लावलं तर... तार आली.

कोमट. चिकट. थुंकी होती ती.

मी बोट फडक्याला पुसलं. तेवढ्यात चहाबरोबर पाव खाणारी मावशी चावता चावता थांबली. तिचा पुढचा दात पावात रुतून बसला होता. रक्ताचा थेंबही नव्हता.

मग रोज एकेक पडायला लागला. आणि बंद डबीतून आवाज... कर्र... कर्र... झोपेत कुणी दात खावेत तसा.

"ती मूठ फोड," मावशी मला म्हणाली.

फोडली. आत लांब मूळ असलेला सुळा निघाला. त्याच्या बाजूला काळं काहीतरी होतं. दातात भरलेलं सिमेंट.

मावशीनं तो काकांपुढे धरला. "काय रे, लांडगे दाताच्या डॉक्टरकडे जातात का?"

काकांनी खांदे उडवले. "एका सैनिकाची कवटी सापडली होती. एकच तर काढला. तो काय परत मागायला येणार होता?"

"मागतोय ना! मला पाव चावता येईना. जा, होता तिथे ठेवून ये."

काका गेले. दोन दिवसांनी परतले.

"ठेवलास?"

"सगळीकडे बर्फच बर्फ. खड्डा सापडेना..." काका पुटपुटले. "दिला तिथेच कुठेतरी फेकून."

मला त्या माणसाची अजून किळस येते. त्याच्या हातचा चहासुद्धा मी घेत नाही.

मावशीचं तोंड आता पार बोळकं झालंय. बकव्हीटचं खिमट खाते. शेवटचा दात पडला त्या दिवशी डबीतला आवाज थांबला. मला वाटलं, भागलं त्याचं.

काल सकाळी मी पाव चावला आणि माझी एक दाढ हलली.

मी जिभेनं ती चाचपत होते... आणि कपाटात ठेवलेल्या डबीतून आवाज आला.

कर्र.