अकरा छत्र्यांचं कोडं

"माझी नोकरी आज संध्याकाळपर्यंतच आहे," असं म्हणत पाहुणा उंबऱ्यातच बसला. आत खुर्च्या होत्या तरी.

भाऊजींनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि पाणी दिलं. दारावर 'खासगी तपास' ही पाटी लागल्यापासून त्यांच्याकडे एवढंच काम होतं. तपास करायच्या त्या वहिनी. तीस वर्षं मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांच्यापुढे भलेभले न विचारताच कबुली देत.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "रडायचं असेल तर आधी रडून घ्या, मधे नको."

पाहुणा वर्तमानपत्रात कोडं घालायचा. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, त्यातली दोन अक्षरं दिलेली. 'ए' आणि 'आर' असलेले असे शब्द ढिगाने निघतात, त्यामुळे कोडेकाराच्या मनातला नेमका शब्द सहसा कुणाला सापडत नसे. सापडलाच तर बक्षीस छत्री. बारा वर्षांत नऊ छत्र्या गेल्या होत्या.

"आणि या पंधरवड्यात अकरा," कोडेकार म्हणाला. "सगळ्या एकाच बाईला. किराणा दुकान चालवते ती. संपादक म्हणतात, शब्द मीच फोडतो. त्यांचा जावई माझ्या जागेवर टपलेलाच आहे."

"बाईंची ओळख?"

"संध्याकाळी सामान घेतो तेवढीच. माझ्या बायकोचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, तेव्हापासून बाजार माझ्याकडे आलाय."

"शब्द कधी ठरवता?"

"सकाळी ऑफिसात पोचलो की लगेच. पाकिटात घालून, चिकटवून संपादकांच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी कोडं छापून येतं, दुपारपर्यंत कुपनं पेटीत पडतात, तिसऱ्या दिवशी उत्तर. मराठी अर्थासकट."

"गेल्या काही दिवसांतले शब्द?"

"लेमन, ब्रूम, हनी, ब्रश..."

"सुचतात कुठून?"

"आतून," कोडेकाराने छातीवर हात ठेवला. भाऊजींना हे मनापासून पटलं. वहिनींनी मात्र वहीत काहीच लिहिलं नाही.

वर्तमानपत्राच्या कचेरीत भाऊजींचा पहिला संशय शिपायावर गेला, कारण तो हसत होता.

"पाकीट मीच नेतो," शिपाई म्हणाला. "पण साहेब, मला घरी बायकोचं पत्रसुद्धा उघडायचा धीर होत नाही."

मग छापायचं पान जुळवणारा. "मला दोनच अक्षरं कळतात. मी स्वतः दुसऱ्याच्या नावाने रोज कुपन भरतो. अजून भिजतोच आहे."

मग जावई. "कपाटाची किल्ली? सासरे मला घराची किल्ली देत नाहीत."

भाऊजींनी तिघांनाही मनातल्या मनात अटक केली आणि तिघांनाही सोडून दिलं. वहिनी तोवर अकरा कुपनं ओळीने मांडून पाहत होत्या. अक्षरं लिहिलेली नव्हती, काढलेली होती. एका कुपनावर तर 'वाय'ची शेपटी डौलदार वळवून तिच्याखाली बारीकशी मधमाशीही काढली होती.

दुकानात दहा छत्र्या विकायला टांगल्या होत्या. अकरावी दुकानदारीणबाई स्वतः वापरत होत्या.

"इंग्रजी कुठं शिकलात?" वहिनींनी विचारलं.

"मला ओ की ठो येत नाही त्यातलं. पेपर वाचते तो मराठी." बाईंनी डब्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्या सारख्या केल्या. "नशीब म्हणा."

तिथून दोघे कोडेकाराच्या घरी गेले. तो ऑफिसात होता. बायको पाय स्टुलावर ठेवून बसली होती आणि मनमोकळं बोलायला तिला कुणीतरी हवंच होतं.

"चहा विचारला असता, पण चहा पावडर नाही. मीठ नाही, तेल शेजारून आणलंय, अंगाला लावायला साबण नाही. रोज सकाळी घोकून सांगते. आणतात काय, तर मध. नाहीतर झाडू. माझं बोलणं त्यांच्या कानात शिरतच नाही, वहिनी. बारा वर्षं झाली."

"शिरतंय," वहिनी म्हणाल्या. "आज काय सांगितलंत?"

तिने सांगितलं. वहिनींनी भाऊजींना संपादकांकडे पिटाळलं: आजचं बंद पाकीट घेऊन संध्याकाळी इथेच या.

संध्याकाळी संपादक आले. पाठोपाठ कोडेकार पिशवी घेऊन आला आणि साहेबांना घरात बघून भिंतीला टेकला.

"पिशवीत काय आहे?" वहिनींनी विचारलं.

त्याने नवा कोरा टॉवेल काढला.

"आता पाकीट फोडा."

संपादकांनी फोडलं. आत लिहिलं होतं: टॉवेल.

भाऊजींनी टॉवेल उलटसुलट करून पाहिला, त्यावर काही लिहिलंय का म्हणून.

"फितुरी कुणीच केली नाही," वहिनी म्हणाल्या. "सकाळी बायको सांगते: मीठ, तेल, चहा, साबण, टॉवेल. यांच्या डोक्यात बारा वर्षं पाच घरांचा साचा बसलाय. इंग्रजीत मिठाची अक्षरं चार, तेलाची तीन. ती गळून जातात. पाचाचं तेवढं अडकतं. ऑफिसात तेच 'आतून' येतं आणि संध्याकाळी तेच दुकानात मागितलं जातं."

"पण त्या बाईला इंग्रजी येत नाही," संपादक म्हणाले.

"अर्थ मराठीत तुम्हीच छापता. हे गिऱ्हाईक आज जे नेतं ते परवा उत्तरात येतं, हे तिने हेरलं. दिलेली दोन अक्षरं तिने बघितलीही नसतील. वस्तूवरचं नाहीतर डब्याच्या चिठ्ठीवरचं नाव बघून जसंच्या तसं काढायचं. मधाच्या बाटलीवरची मधमाशीसुद्धा तिला अक्षरच वाटली. यात गुन्हा कसला? तुमच्या सगळ्या कचेरीपेक्षा जास्त लक्ष तिचं होतं."

संपादकांनी चष्मा पुसला. "नोकरी राहील. पण शब्द दुसरं कुणीतरी द्यायचा."

"मीच देते," बायको म्हणाली. "नाहीतरी पंधरा दिवस माझेच चाललेत."

"मला वाटत होतं मला सुचतात," कोडेकार हळूच म्हणाला. मग तिच्याकडे बघून: "उद्याचा कुठला?"

"पाकिटात," ती म्हणाली आणि पाकीट चिकटवून संपादकांच्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं. कोडेकाराने कुपन भरलं होतं, शेजाऱ्याच्या नावाने. चुकलं होतं.